रात्रीच्या कॅमेऱ्याला काय दिसते आणि काय दिसत नाही? पुतळा समित्या आणि विहार समित्यांनी समजून घ्यावे असे काही

आमच्या वस्तीच्या नाक्यावर बाबासाहेबांचा पुतळा आहे. एका सकाळी पुतळ्यासमोरच्या फलकाची काच फुटलेली दिसली. अर्ध्या तासात शे-दीडशे माणसे जमली. कोणीतरी म्हणाले, "कॅमेरा बघा." समितीतल्या एकाच्या मोबाईलवर फुटेज उघडले. रात्री अडीचच्या सुमारास आधी सगळा पडदा पांढरा झाला, मग पांढरा शर्ट घातलेला एक माणूस फलकाजवळ उभा दिसला आणि निघून गेला. चेहऱ्याच्या जागी नुसता उजळ डाग होता.

पांढरा शर्ट घालून रात्रपाळीवरून त्याच रस्त्याने परतणारा एक मुलगा शेजारच्या आळीत राहतो. त्याचे नाव कुणाच्या तरी तोंडून निघाले आणि पाच मिनिटांत वीस-पंचवीस पोरे त्याच्या घराकडे निघाली. समितीतल्या एका काकांनी वाट अडवली. ते म्हणाले, "आधी रात्री अकराचे फुटेज लावा. मी तेव्हा तिथून गेलो होतो." फुटेज लावले. काकांच्या अंगात गडद निळे ट्रॅकसूटचे जॅकेट होते आणि कॅमेऱ्यात ते पांढरे शुभ्र दिसत होते. सगळे गप्प झाले.

दुपारी समोरच्या मेडिकलवाल्याने त्याच्या कॅमेऱ्याचे फुटेज दाखवले. एक टेम्पो मागे घेताना त्याची मागची फळी फलकावर आदळली होती. आमच्या कॅमेऱ्याचा पडदा पांढरा पडला तो टेम्पोच्या दिव्यांनी. तो माणूस आवाज ऐकून थांबला होता, इतकेच.

त्या दिवशी वस्तीत एका निरपराध मुलाला मार बसला असता. आम्ही कॅमेरा बसवला होता, पण रात्रीच्या कॅमेऱ्याचे चित्र वाचायचे कसे ते शिकलो नव्हतो. म्हणून हा लेख.

हा विषय आपला का आहे

११ जुलै १९९७ च्या पहाटे घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. रात्री हे कोणी केले ते कोणी पाहिले नव्हते. लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा जणांचा जीव गेला. त्या काळात पुतळ्याजवळ कॅमेरा नव्हता. आज गावोगावच्या पुतळ्यांजवळ आणि विहारांत कॅमेरे आहेत. विटंबनेची बातमी आली की पहिला प्रश्न असतो, "फुटेज आहे का?"

फुटेज बहुतेक वेळा असते. पण ते अंधारातले असते, धूसर असते, काही वेळा पुसले गेलेले असते, आणि न्यायालयात टिकेल अशा पद्धतीने जपलेले क्वचितच असते. गुन्हा रात्री होतो आणि आपण कॅमेरा निवडतो दुकानातल्या भर उजेडात. घोळ इथूनच सुरू होतो.

अंधारात कॅमेरा पाहतो कसा

कॅमेऱ्याला प्रकाश लागतोच. पूर्ण काळोखात कोणताही साधा कॅमेरा काही पाहू शकत नाही. प्रकाश मोजण्याचे एकक लक्स. भर उन्हात जमिनीवर एक लाख लक्सपर्यंत प्रकाश पडतो. चांगल्या पथदिव्याखाली साधारण १० ते २० लक्स असतो. पौर्णिमेच्या चांदण्यात एका लक्सच्या पाचव्या-दहाव्या भागाइतकाच. म्हणजे दुपार आणि चांदणी रात्र यांत काही लाखपटींचा फरक आहे. तेवढा फरक एकाच कॅमेऱ्याने भरून काढावा अशी आपली अपेक्षा असते.

त्यासाठी कॅमेऱ्यात तीन सोयी असतात. पहिली म्हणजे मोठी उघडणारी लेन्स. लेन्सवर एफ/१.०, एफ/१.६, एफ/२.० असे आकडे असतात. हा आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त आत येतो. एफ/२.० पेक्षा एफ/१.० ची लेन्स चौपट प्रकाश घेते. दुसरी सोय म्हणजे मोठा सेन्सर. फिल्मच्या जागी जी चिप असते ती सेन्सर. पावसात वाटी ठेवा आणि परात ठेवा, परातीत पाणी जास्त साठते, तसेच हे. कमी उजेडात रंगीत चित्र देणारे महागडे कॅमेरे मोठा सेन्सर आणि मोठी लेन्स यांच्या जोरावरच ते काम करतात.

तिसरी सोय म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच टाकलेला प्रकाश. आपल्याकडच्या बहुतेक कॅमेऱ्यांत लेन्सभोवती छोटे एलईडी असतात. ते इन्फ्रारेड म्हणजे अवरक्त किरण टाकतात. माणसाच्या डोळ्याला साधारण ३८० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. सिलिकॉनच्या सेन्सरला त्यापुढचा, जवळजवळ १००० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाशही कळतो. कॅमेऱ्यातले एलईडी ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचे असतात. ८५० चे एलईडी अंधारात जवळून पाहिले तर मंद लाल दिसतात. ९४० चे अजिबात दिसत नाहीत, पण सेन्सरला तो प्रकाश कमी कळतो, त्यामुळे पल्ला कमी पडतो.

दिवसा हे किरण आत आले तर रंग बिघडतात. म्हणून सेन्सरसमोर ते अडवणारी एक काच असते. अंधार पडला की ती काच बाजूला सरकते आणि चित्र काळे-पांढरे होते. संध्याकाळी कॅमेऱ्यातून बारीक 'टक्' असा आवाज येतो तो त्याच काचेचा.

काळ्या-पांढऱ्या चित्रातला रंग खोटा असतो

आमच्या काकांचे निळे जॅकेट पांढरे दिसले त्याचे कारण इथे आहे. कपड्याला रंग देणारी बरीच रसायने डोळ्याला दिसणारा प्रकाश शोषतात, पण इन्फ्रारेड शोषत नाहीत. तो प्रकाश रंगाला ओलांडून धाग्यावर आपटतो आणि परत फिरतो. त्यामुळे काळी पँट, गडद निळा शर्ट, मरून साडी असे बरेच कपडे रात्रीच्या चित्रात फिकट किंवा पांढरे दिसतात. एकाच काळ्या रंगाचे दोन शर्ट, एक गडद आणि एक पांढरा, असेही दिसू शकतात, कारण रंगाचे रसायन वेगळे असते.

यातून एक नियम निघतो, तो प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा. इन्फ्रारेड फुटेजवरून कपड्याचा, झेंड्याचा, गमछाचा किंवा गाडीचा रंग कधीही सांगू नये. निळा झेंडा, भगवा झेंडा आणि हिरवा झेंडा त्या चित्रात एकसारखे दिसू शकतात. गाडीवरच्या पट्ट्याचा किंवा डोक्याच्या रुमालाचा "रंग दिसला" असे सांगून कोणी क्लिप फिरवत असेल, तर त्याला पहिला प्रश्न विचारा की चित्र रंगीत आहे की काळे-पांढरे. दंगली अशाच अर्धवट क्लिपांवर पेटतात, आणि पेटल्यावर अटक कोणाच्या पोरांना होते ते सांगायला नको.

रंग सोडून चालण्याची ढब, उंची, हातातली वस्तू, कोणत्या दिशेने आला आणि कुठे गेला, किती वाजता, या गोष्टी मात्र रात्रीच्या फुटेजवरून बऱ्यापैकी सांगता येतात. लक्ष तिकडे हवे.

चेहरा का दिसत नाही

अंधारात प्रकाश जास्त गोळा व्हावा म्हणून कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी शटर जास्त वेळ उघडे ठेवतो. दिवसा सेकंदाचा शंभरावा किंवा हजारावा भाग पुरतो. रात्री काही कॅमेरे सेकंदाच्या बाराव्या भागापर्यंत जातात. साध्या चालीने जाणारा माणूस तेवढ्या वेळात सुमारे ११ सेंटिमीटर पुढे सरकतो. चेहराच साधारण १५ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे तो चित्रात पुसला जातो. स्थिर पुतळा मात्र सुरेख दिसतो. आपण कॅमेरा बसवताना पुतळ्याकडे बघून खूश होतो आणि चालता माणूस रात्री कसा दिसतो हे तपासतच नाही.

दुसरी अडचण म्हणजे चित्रातले दाणे. प्रकाश कमी असला की कॅमेरा सिग्नल वाढवतो, आणि आवाज वाढवल्यावर रेडिओची खरखरही वाढते तसे चित्रात दाणे येतात. ते झाकायला कॅमेरा चित्र गुळगुळीत करतो, त्यात चेहऱ्याचे बारकावेही जातात.

तिसरी अडचण उलटी आहे. माणूस कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आला तर इन्फ्रारेडचा झोत चेहऱ्यावर इतका पडतो की चेहरा पांढरा गोळा होतो. आमच्या फुटेजमधला उजळ डाग तोच. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो. पाच मीटरवर जितका प्रकाश पडतो त्याचा सोळावा भागच वीस मीटरवर पोहोचतो. त्यामुळे जवळचा माणूस भाजून निघतो आणि लांबचा काळोखात बुडतो.

गाडीच्या नंबर प्लेटचेही असेच. प्लेटवरचा कागद प्रकाश आल्या दिशेने परत फेकतो. कॅमेऱ्याजवळचाच झोत प्लेटवर पडला की ती नुसती पांढरी पाटी दिसते, त्यात हेडलाइटची चमक मिसळते. नंबर वाचायचा असेल तर शटर वेगवान ठेवलेला, फक्त त्या कामासाठी लावलेला वेगळा कॅमेरा लागतो. एकच कॅमेरा पुतळाही दाखवेल, चेहराही आणि नंबरही, असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये.

आणि "झूम करून, एआयने चेहरा साफ करून घेऊ" हा भ्रम सोडा. जे सेन्सरवर नोंदलेच गेले नाही ते नंतर परत आणता येत नाही. असे ॲप चेहरा साफ करत नाही, अंदाजाने नवा चेहरा रचते. तो चेहरा वस्तीतल्या कुणाशी तरी जुळला तर काय होईल, विचार करा.

मेगापिक्सेलपेक्षा अंतराचे गणित

कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात एक सोपे माप आहे. एक मीटर रुंदीवर चित्राचे किती पिक्सेल पडतात ते मोजायचे. कोणीतरी आहे एवढे कळायला मीटरमागे २५ पिक्सेल पुरतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ लागतात. अनोळखी माणसाची ओळख पटवायला २५० लागतात.

दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र १९२० पिक्सेल रुंद असते. १९२० ला २५० ने भागले की साडेसात मीटर येतात. म्हणजे कॅमेरा त्या अंतरावर साडेसात मीटरपेक्षा रुंद भाग दाखवत असेल तर अनोळखी चेहऱ्याची ओळख विसरा. आपल्याकडे सर्रास लावतात त्या २.८ मिलिमीटरच्या लेन्सला दहा मीटरवर वीस मीटरहून जास्त रुंदीचा पट्टा दिसतो. अख्खा चौक दिसतो म्हणून समिती खूश होते, पण चेहरा फक्त तीन-चार मीटरवर ओळखू येतो. ६ मिलिमीटरची लेन्स घेतली तर चौक कमी दिसतो, पण आठेक मीटरवरचा चेहरा ओळखण्याजोगा येतो. हे सगळे दिवसाचे हिशेब. रात्री यातही घट धरा.

खोक्यावर "आयआर ३० मीटर" असे छापलेले असते. त्याचा अर्थ तीस मीटरवर काहीतरी हलते आहे एवढे दिसेल. चेहरा दिसेल असा नव्हे. आणि लहान सेन्सरवर आठ मेगापिक्सेल कोंबले की प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला प्रकाश कमी येतो, म्हणून काही वेळा कमी मेगापिक्सेलचा चांगला कॅमेरा रात्री सरस ठरतो.

आधी दिवा, मग कॅमेरा

इतके सगळे वाचल्यावर साधी गोष्ट लक्षात येते. पुतळ्याभोवती चांगला उजेड असेल तर निम्म्या अडचणी संपतात. चित्र रंगीत राहते, शटर वेगवान राहते, चेहरा दिसतो.

उजेडाने गुन्हेही कमी होतात का, याचा एक नीट अभ्यास झाला आहे. २०१६ मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या सुमारे ८० सार्वजनिक वसाहतींपैकी निम्म्यांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून दिव्यांचे मनोरे लावले. तिथे रात्री घराबाहेर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. नुसत्या कॅमेऱ्यांबद्दल चाळीस वर्षांच्या अभ्यासांचा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात घट सुमारे १३ टक्के होती आणि सर्वात जास्त परिणाम वाहनतळांवर दिसला. दोन्ही अभ्यासांची मोजणी वेगळी आहे, त्यामुळे आकडे थेट शेजारी ठेवून तुलना करू नये. पण नगरपालिकेकडे वस्तीसाठी फक्त कॅमेरा मागू नका, आधी पथदिवा मागा, एवढे त्यातून नक्की घेता येते.

दिवा कसा असावा यालाही महत्त्व आहे. एकच प्रखर हॅलोजन पुतळ्याच्या डोक्यावर लावला की मागे गडद सावली पडते आणि माणूस त्या सावलीत उभा राहतो. त्यापेक्षा दोन बाजूंनी दोन साधे दिवे चांगले. दिव्याला वरून झाकण असावे, प्रकाश खाली पडावा. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्यांची आणि अभ्यास करून झोपलेल्या पोरांची झोप मोडू नये. दिवा कॅमेऱ्याच्या समोर नको, मागे किंवा बाजूला हवा. माणूस हलला की पांढरा दिवा लागणारे कॅमेरेही मिळतात. त्यांचा रंगीत चित्राखेरीज आणखी एक उपयोग असा की दिवा लागला की येणारा दचकतो.

उजेड कोणावर आणि कोणाच्या हातात

मात्र उजेड नेहमीच आपल्या बाजूचा नसतो, हेही इतिहासातून शिकले पाहिजे. १७१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कायदा झाला की चौदा वर्षांवरील कृष्णवर्णीय किंवा मूलनिवासी गुलामाने अंधार पडल्यावर कंदिलाशिवाय रस्त्यावर यायचे नाही. कंदील त्याच्या सोयीसाठी नव्हता. मालकांना तो दिसत राहावा म्हणून होता. सिमोन ब्राऊन या अभ्यासिकेने २०१५ मध्ये आलेल्या 'डार्क मॅटर्स' या पुस्तकात आजच्या पाळतीची मुळे अशा कायद्यांत दाखवली आहेत.

आपल्याकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत माणसांना हजेरी द्यावी लागे, रात्री कोण कुठे आहे याची नोंद होई. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण भटक्या-विमुक्तांच्या पालावर रात्री टॉर्च मारण्याची सवय गेली नाही. अंधारात कोणाला बघायचे आणि कोणाला सोडायचे, हे तंत्रज्ञान ठरवत नाही, ते चालवणारा माणूस ठरवतो.

म्हणून आपल्या समित्यांनीही स्वतःला विचारावे, आपला कॅमेरा कोणाकडे बघतो? तो पुतळ्याकडे आणि विहाराच्या दाराकडे बघावा. समोरच्या घराच्या खिडकीकडे, बायकांच्या नळाकडे, रात्री गप्पा मारत बसलेल्या पोरा-पोरींकडे त्याने बघू नये. इन्फ्रारेडचा झोत डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे अंधारात आपण दिसतो आहोत हे समोरच्याला कळतही नाही. म्हणून फलक लावलाच पाहिजे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टास्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असे सांगितले. तो अधिकार वस्तीतल्या प्रत्येक बाईला आणि प्रत्येक पोराला आहे.

फुटेज आहे, पण पुरावा आहे का?

पुतळ्याची विटंबना हा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(टी) खाली गुन्हा आहे. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने पुतळा, छायाचित्र आणि तसबीर यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आला. पण गुन्हा सिद्ध करायला पुरावा लागतो, आणि डिजिटल पुराव्याचा नियम महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून पक्का झाला.

जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद होता. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की उशिरा, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरवायचे होते. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या नावाने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की मूळ यंत्र स्वतः न्यायालयात आणून मालकाने साक्ष दिली तर प्रश्न नाही, पण पेनड्राइव्हवर किंवा सीडीवर प्रत दिली तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र लागतेच.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हे कलम ६३ आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक यंत्राची जबाबदारी असलेल्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाईलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाईलचा अंगठ्याचा ठसा. फाईलमध्ये एक बिंदू जरी बदलला तरी ठसा बदलतो. मोबाईलने डीव्हीआरच्या पडद्याचे केलेले शूटिंग आणि व्हॉट्सॲपवर फिरलेली क्लिप म्हणजे मूळ फाईल नव्हे. तिच्यात चित्र दाबलेले असते, अंधारातले उरलेसुरले बारकावेही जातात.

आणि फुटेज पुसले जाते ते वेगळेच. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट वेगाने साठवत असेल तर दिवसाला साधारण २२ जीबी होतात. चार कॅमेरे म्हणजे ८६ जीबी. एक टीबीची हार्ड डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुने पुसून नवे लिहायला लागते. रात्रीच्या दाण्यांमुळे ती आणखी लवकर भरू शकते. तक्रार, चर्चा, निवेदन, मोर्चा यांत बारा दिवस सहज जातात.

पोलीस ठाण्यातला कॅमेरा

रात्रीचा कॅमेरा आपल्यावरच असतो असे नाही. तो सत्तेवरही असायला हवा. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले. प्रवेशद्वार, कोठडी, मार्गिका, अधिकाऱ्यांच्या खोल्या, मागची बाजू, सगळीकडे. आदेशात स्पष्ट म्हटले आहे की कॅमेऱ्याला रात्री दिसले पाहिजे आणि चित्राबरोबर आवाजही नोंदला पाहिजे. नोंद अठरा महिने जपावी, ते शक्य नसेल तर कोणत्याही परिस्थितीत एक वर्षापेक्षा कमी नको. कोठडीत मारहाण झाल्याची तक्रार असेल तर मानवी हक्क आयोग किंवा न्यायालय ते फुटेज मागवू शकते.

परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन झाले, आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असलेल्या सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. अशा प्रत्येक वेळी कोठडीच्या भिंतीआड रात्री काय झाले हा प्रश्न उभा राहतो. आपल्या वस्तीतले कुणी रात्री उचलले गेले तर दुसऱ्याच दिवशी लेखी अर्ज द्या की अमुक तारखेचे, अमुक ते अमुक वेळेचे, कोठडीचे आणि मार्गिकेचे फुटेज आवाजासह जपून ठेवावे. पोच घ्या. महिन्याने मागण्यात अर्थ नाही.

समितीने करायची कामे

१. कॅमेरा घेण्याआधी विक्रेत्याला रात्री बोलवा. एका कार्यकर्त्याला पुतळ्याजवळून चालायला, पळायला लावा. त्याचा चेहरा ओळखू आला तरच पैसे द्या.

२. किमान दोन कॅमेरे, दोन दिशांनी. एक चौकाचा, एक जवळून चेहऱ्यासाठी. एकाला दिव्याने आंधळे केले तरी दुसरा पाहतो. आमच्या वस्तीत मेडिकलवाल्याच्या कॅमेऱ्याने हेच काम केले.

३. चेहऱ्याचा कॅमेरा फार उंच नको. विजेच्या खांबाच्या टोकावरून फक्त टोप्या दिसतात.

४. इन्फ्रारेड कॅमेरा काचेआड लावू नका, झोत काचेवरून परत येतो. महिन्यातून एकदा लेन्स पुसा, कोळ्याची जाळी काढा. रात्री त्या जाळ्याचे धागे पडद्यावर दोरखंडासारखे चमकतात. जयंतीचे पताके आणि बॅनर कॅमेऱ्यासमोर येऊ देऊ नका.

५. डीव्हीआरचे घड्याळ दर महिन्याला मोबाईलशी जुळवा. वेळ दहा मिनिटांनी चुकली तर साक्ष डळमळते.

६. डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांना छोटा इन्व्हर्टर द्या. दिवे गेल्यावरच नको ते घडते.

७. दुकानातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. २०२५ मध्ये गुजरातमधल्या एका प्रसूती रुग्णालयाचे फुटेज बाहेर गेल्याचे उघड झाले तेव्हा देशाला कळले की सोपा पासवर्ड काय करू शकतो. पासवर्ड दोघांकडेच असावा, त्यातली एक महिला असावी.

८. घटना घडली की पहिल्या तासात घटनेआधीचे आणि नंतरचे दोन-दोन तास मूळ स्वरूपात दोन ठिकाणी उतरवा, हॅश काढा, वहीत वेळ आणि सही करा. पोलिसांनी डीव्हीआर नेला तर पंचनामा आणि पोच घ्या.

९. क्लिप व्हॉट्सॲपवर टाकू नका. आधी वकील, मग पोलीस, मग पत्रकार परिषद.

१०. समितीने ठरवून एक ओळ वहीत लिहावी की फुटेज कोण पाहील, किती दिवस राहील आणि कशासाठी वापरले जाईल.

आमच्या फलकाची नवी काच टेम्पोवाल्याने स्वखर्चाने बसवून दिली. तो माफी मागायला आला तेव्हा रात्रपाळीवरून परतलेला तो मुलगाही तिथे उभा होता. त्याला त्या सकाळी काय होणार होते ते त्याला नंतर कळले होते. आता तो समितीत आहे आणि दर पहिल्या रविवारी शिडी लावून कॅमेऱ्यावरची जाळी तोच काढतो. तुमच्या समितीनेही या पौर्णिमेच्या बैठकीत हा विषय घ्यावा, आणि बैठक संपल्यावर रात्री एकदा पुतळ्याजवळून चालून, आपण आपल्याच कॅमेऱ्यात कसे दिसतो ते बघावे.

जय भीम.